६६ अक्षरांची ओळ मराठीत मोजताना मी केलेली चूक

तुम्ही लिहिलंय की मोठ्या मॉनिटरवर तुमच्या साइटचे लेख वाचताना लोक तीच ओळ परत वाचतात आणि फाँट बदलूनही काही फरक पडला नाही, ते वाचून मला माझाच जुना घोळ आठवला. फाँट राहू दे, ओळ किती लांब आहे ते बघा. ओळ संपली की नजर पुढच्या ओळीची सुरुवात शोधत मागे येते आणि अंतर जास्त असलं की भलत्याच ओळीवर उतरते.

मॅक्स-विड्थ, म्हणजे मजकुराची कमाल रुंदी, कुठे लावायची वगैरे तुम्हाला माहीत असणारच. मी चुकलो मोजण्यात. एका ओळीत ४५ ते ७५ कॅरॅक्टर (अक्षरं, चिन्हं), ६६ असतील तर उत्तम, हा नियम सगळीकडे सापडतो, पण तो रोमन लिपीचा आहे आणि त्यात स्पेससुद्धा धरतात. मी मराठीत डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजली. ‘स्त्रियांच्या’ हा शब्द घ्या, दिसायला तीन अक्षरं, पण कॉम्प्युटरच्या हिशेबाने तेरा कॅरॅक्टर, कारण काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. त्यामुळे माझ्या ६६ च्या ओळीत सोळा-सतरा शब्द बसले आणि ओळ फार लांब झाली.

काम एका कार्यालयाचं होतं, लांबलचक नियमावली. तिथल्या एक बाई स्क्रीनवर घडी घातलेला कागद धरून तो ओळीओळीने खाली सरकवत वाचताना दिसल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. रुंदी कमी करतो म्हटलं तर कार्यालयाचं उत्तर काय, बाजूला एवढी जागा रिकामी कशाला सोडायची! तीन महिने नुसते ईमेल इकडून तिकडे, त्याचा मला अजून राग येतो, कारण तेवढे दिवस त्रास वाचणाऱ्यांना झाला.

आता मी शब्द मोजतो. मराठीत ओळीला दहा-बारा शब्द, हे माझं मत आहे, नियम नाही, तुमच्या फाँटवर थोडं इकडेतिकडे होईल. सीएच (ch) या रुंदीच्या युनिटवर डोळे झाकून विसंबू नका, ते रोमन शून्याच्या रुंदीवर चालतं आणि फाँटच्या यादीत इंग्रजी फाँट पहिला असेल तर ते मोजमाप बहुधा त्याचंच असतं. मी रुंदी ईएममध्ये (em, फाँटच्या आकारावर चालणारं माप) देतो म्हणजे अक्षर वाढलं की ओळही वाढते. डब्ल्यूसीएजीमध्ये (WCAG, वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे निकष) सगळ्यात कडक पातळीवर ८० कॅरॅक्टरची मर्यादा आणि ओळींमध्ये किमान दीडपट अंतर सांगितलंय, पण आपल्याकडे वर मात्रा-रफार, खाली उकार, म्हणून मी १.७ च्या आसपास ठेवतो. आणि जस्टिफाय, म्हणजे ओळी दोन्ही कडांना जुळवणं, काढाच, शब्दांमध्ये नुसती भगदाडं पडतात.

क्लायंट ऐकत नसेल तर स्क्रीनशॉट पाठवत बसू नका, त्यांच्याच मॉनिटरवर एक लांब परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. त्या कार्यालयाचे साहेब पाचव्या ओळीवरून परत चौथीवर गेले आणि त्याच संध्याकाळी रुंदी बदलायची परवानगी आली.