कोल्हापुरात मोठ्या एसी कामांच्या व्यवसायात आता उतरावे का, की गॅस आणि नियम सारखे बदलत असल्याने शिकलेले वाया जाते?

आपण मेकॅनिकल डिप्लोमा झाल्याचे आणि सध्या शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत नोकरी करत असल्याचे लिहिले आहे. एसीत भरायच्या वायूंची नावे घेत ‘आर-२२ शिकलो तोवर ४१० आला, ४१० कळला तोवर ३२ आला’ ही आपली तक्रार मला नवी नाही. हेच वाक्य मी माझ्या थोरल्या चुलत्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे, की प्रश्न वाचताच उत्तर लिहायला बसलो.

कामाला तोटा नाही. रुग्णालये, तपासणी केंद्रे, कापडाची आणि सोन्याची दालने, मंगल कार्यालये, पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील कार्यालये आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून वकिलांची कार्यालये, अशा सर्वांना डक्टेबल (हवा पत्र्याच्या नळीतून फिरवणारे), कॅसेट (छतात बसणारे) किंवा व्हीआरएफ (बाहेरच्या एका यंत्रावर अनेक खोल्या चालवणारे) लागते. दूध संघांच्या शीतकरणात अमोनिया चालतो आणि इचलकरंजीच्या विणकामाला गारव्यापेक्षा हवेतला ओलावा सांभाळणे महत्त्वाचे असते. ती दोन्ही वेगळी शास्त्रे आहेत, त्यांत मी पडलो नाही.

आता बदलाविषयी. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारामुळे ओझोनला मारक वायू टप्प्याटप्प्याने बंद होत आले आणि आर-२२ ची आपल्याकडची मुदत २०३० च्या आसपास संपते. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, मात्र तापमानवाढीच्या मोजपट्टीवर तो आर-२२ पेक्षाही वाईट ठरतो. कार्बन डायऑक्साइडचा आकडा १ धरला तर आर-२२ चा १८१०, तर याचा २०८८. आर-३२ चा आकडा ६७५ असल्याने बाजार तिकडे वळला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार आर-४१०ए आणि आर-३२ ज्यात मोडतात त्या एचएफसी वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा, २०३२ पासून घटवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. वेळापत्रक इतकी वर्षे आधी जाहीर असताना ‘अचानक बदलले’ म्हणणे मला पटत नाही.

वायू बदलला तरी पाइप आतून कोरडा, स्वच्छ आणि गळतीमुक्त असला पाहिजे, ही अट बदलत नाही. फक्त पूर्वी ती मोडली तरी खपून जात असे. चुलते आणि मी या एकाच मुद्द्यावर वेगळे झालो.

उद्यमनगरात त्यांच्या हाताखाली मी काम शिकलो. त्यांचे ब्रेझिंग, म्हणजे तांब्याचे पाइप तापवून जोडण्याचे काम, असे की जोड गळाल्याची तक्रार कधी आली नाही. परंतु पाइपमधली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप म्हणजे त्यांच्या लेखी नखरे होते. पाइप जोडायचा, थोडा गॅस सोडून आतली हवा हाकलून द्यायची, नट आवळायचा आणि मशीन चालू करायचे. आर-२२ च्या यंत्रांत खनिज तेल असल्याने ते निभावले. आर-४१०ए सोबत पॉलिऑल एस्टर तेल आले, जे हवेतला ओलावा ओढून घेते; त्यातून आम्ल तयार होते आणि ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचे इन्सुलेशन खाते. त्यात दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून अधिक.

राजारामपुरीतील एका कापड दालनाचे काम आम्ही घेतले होते. पाडव्याच्या मुहूर्तावर उद्घाटन असल्याने तळमजल्याचे आर-४१०ए चे मशीन चुलत्यांनी रातोरात जोडले. मी पंप लावा म्हणालो, तर म्हणाले, ‘‘पंप लावून तास घालीवतोस, तेवढ्यात दुसरं मशीन बसतंय. २२ ला चाललं ते ह्याला का चालू नये?’’ वरच्या मजल्याचे फर्निचर अपुरे असल्याने तिथले मशीन उद्घाटनानंतर मी माझ्या पद्धतीने बसवले. ब्रेझिंग करताना पाइपमधून नायट्रोजन सोडला, नंतर नायट्रोजनच्याच दाबाखाली लाइन रात्रभर ठेवली आणि सकाळी पंप लावून, आत उरलेला दाब मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवर आकडा ५०० च्या खाली आणला. पंप बंद केल्यावरही काटा चढत नाही, याची खात्री करूनच गॅस सोडला.

दुसऱ्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, तळमजल्याचा कॉम्प्रेसर जळाला. तेल काळे आणि उग्र वासाचे निघाले, आम्ल तपासणीच्या किटमध्ये रंग लगेच बदलला. मी जोडाजवळचा पाइप उभा कापला, तर आत काळे पापुद्रे होते. नायट्रोजनविना ब्रेझिंग केले की तांब्यावर आतून ऑक्साइडची ही काजळी धरते. नवे तेल ती धुऊन थेट गॅसचा प्रवाह सांभाळणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीवर नेऊन बसवते. चुलत्यांनी पाइप हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, ‘‘व्होल्टेजचा दोष आहे.’’

त्यांना मी तेव्हाही विचारले आणि आजही विचारतो: दोन्ही मशीन एकाच कंपनीची, एकाच पॅनेलवरची, मग वरच्या मजल्याचे व्होल्टेज वेगळे होते काय? आजतागायत उत्तर मिळालेले नाही, घरच्या कार्यात विषय निघाला की ते अजूनही महावितरणाला दोष देतात. आमच्या धंद्यातले निम्मे ‘व्होल्टेज’ हे न लावलेल्या पंपाचे दुसरे नाव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इमारतींचे नियमही कडक होत आहेत. ऊर्जा दक्षता ब्यूरोची संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली आणि २०२४ मध्ये पुन्हा नव्याने आली; १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या व्यापारी इमारती तिच्या कक्षेत येतात. शंभर चौरस फुटाला एक टन हा हिशेब तिथे चालत नाही आणि खरे तर कोल्हापुरात तो कधीच चालायला नको होता. इथे जुलै-ऑगस्टमध्ये उष्णता नव्हे, ओल काढायची असते. गरजेपेक्षा मोठे मशीन खोली चटकन गार करून बंद पडते आणि दमटपणा तसाच राहतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पंप, मायक्रॉन गेज, नायट्रोजन आणि गॅस परत काढून घेण्याचे रिकव्हरी मशीन यांत बरेच भांडवल अडकते आणि दालनवाले पैसे वेळेवर देत नाहीत. प्रामाणिक कोटेशन जास्तीचे दिसत असल्याने सुरुवातीला कामे हातची जातात. खरा आधार वार्षिक देखभालीच्या करारांचा असतो. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तेव्हा तो जुन्या मशीनमध्ये भरून देणाऱ्याच्या वाऱ्याला उभे राहू नका. शिवाय माझा अनुभव डक्टेबल आणि व्हीआरएफपुरताच आहे, चिलरची (पाणी गार करून इमारतभर फिरवणाऱ्या यंत्रणेची) मोठी कामे बहुधा पुण्याचे ठेकेदार नेतात.

नोकरी लगेच सोडू नका. आधी सुटीच्या दिवशी एखाद्या ठेकेदाराकडे हात बसवा. मात्र त्याची निवड करताना गाडी किंवा कार्यालय न पाहता व्हॅक्यूम पंपाची काच पाहावी. आतले तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले आहे आणि ते बदलायची तसदी कोणी घेतलेली नाही असे समजावे. पंपच नसेल, तर तो माझ्या चुलत्यांचा शिष्य असण्याची शक्यता आहे.