वाचकांचे प्रश्न : एक्सेलमधली मराठी साध्या फाइलमध्ये नेताना

प्रश्न : सोसायटीच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये मराठीत आहे. मेसेज पाठवणाऱ्या सेवेने ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून मागितली. सेव्ह केल्यावर सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं झाली, मोबाइल नंबर आणि ईमेल मात्र शाबूत आहेत. फॉन्ट बदलून पाहिला, उपयोग झाला नाही.
– चिटणीस, गृहनिर्माण संस्था, कोपरी, ठाणे

उत्तर : फॉन्टचा इथे काही संबंध नाही. एक्सेलचा नुसता ‘सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)’ हा पर्याय फाइल विंडोजच्या जुन्या वर्णसंचात लिहितो. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर तो १२५२ क्रमांकाचा, पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेला संच असतो. त्यात प्रत्येक अक्षराला एकच बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा. अंशाचं चिन्ह, अर्ध्याचा अपूर्णांक, पौंड हे सगळं त्यात बसतं. देवनागरी बसत नाही आणि २०१० मध्ये आलेलं ₹ हे चिन्हही नाही. ज्याला जागा नाही त्याच्याऐवजी एक्सेल खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून मोकळं होतं. त्यामुळे ती सीएसव्ही आता कशानेच दुरुस्त होणार नाही, टाकून द्या. ‘टेक्स्ट (टॅब डिलिमिटेड)’ची गतही हीच.

मूळ एक्सेल फाइल उघडा. हवी ती शीट समोर ठेवा, कारण सीएसव्हीत एकच शीट जाते. एफ-१२ दाबून ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८ (कॉमा डिलिमिटेड)’ निवडा. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड, अर्थात देवनागरीसह जगातल्या लिप्यांना सामावणारा वर्णसंच, फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत. यादीत हा पर्याय दिसत नसेल तर तुमचं एक्सेल जुनं आहे. तेव्हा फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये फाइल उघडा, ‘टेक्स्ट सीएसव्ही’ म्हणून सेव्ह करताना ‘एडिट फिल्टर सेटिंग्ज’वर खूण करा आणि पुढच्या चौकटीत यूटीएफ-८ निवडा. तिथेच ‘क्वोट ऑल टेक्स्ट सेल्स’वरही खूण करा, म्हणजे पत्त्यातल्या स्वल्पविरामांवरून रकाने फुटणार नाहीत.

पत्ते आल्ट-एंटर मारून दोन-तीन ओळींत लिहिले असतील तर निर्यातीआधी ते एका ओळीत आणा. कंट्रोल-एच दाबा, ‘फाइंड’च्या खान्यात कंट्रोल-जे दाबा (खाना रिकामाच दिसेल, तरी त्यात ओळतोड आलेली असते), ‘रिप्लेस’मध्ये एक स्पेस द्या. हे न केल्यास कित्येक प्रोग्राम एका सभासदाचे तीन सभासद करतात.

एक्सेल सीएसव्हीत आकडे दिसतात तसे पाठवतं. थकबाकीचा रकाना ‘₹ १,२५,०००’ असा दिसत असेल तर चिन्ह आणि स्वल्पविरामही जातात. आधी त्या रकान्याचं फॉरमॅट ‘जनरल’ करा. तयार फाइल तपासायची ती नोटपॅडमध्ये, एक्सेलमध्ये नाही. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : गूगल शीट्समधून मराठी यादी सीएसव्ही म्हणून उतरवली. एक्सेलमध्ये उघडली तर नावांच्या जागी परदेशी चिन्हांचा किडामुंगी मजकूर. काही फ्लॅट नंबरांच्याही तारखा झाल्या आहेत.
– हिशेबनीस, वाशी

उत्तर : इथे काहीही हरवलेलं नाही. फक्त त्या अवस्थेत ‘सेव्ह’ दाबू नका, दाबलंत तर मात्र नुकसान पक्कं.

गूगल शीट्स फाइल यूटीएफ-८ मध्येच देतं, पण फाइलच्या सुरुवातीला तशी खूण ठेवत नाही. डबल-क्लिक केल्यावर एक्सेल तिला जुन्या संचातली समजून वाचतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार तीन-तीन बाइट घेतात आणि पहिला बाइट कायम तोच असतो. म्हणून डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो. हा ‘ए’ दिसला की मजकूर सुरक्षित आहे असं समजा.

कोरी वर्कबुक उघडा. ‘डेटा’ टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’वर जाऊन फाइल निवडा आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ घ्या. खालच्या नमुन्यात मराठी लगेच सरळ दिसेल. ‘लोड’ची घाई नको. त्याच चौकटीत ‘डेटा टाइप डिटेक्शन’ला ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ करा. नाहीतर २/५ या फ्लॅटची २ मे होते, ०२२ ने सुरू होणाऱ्या लँडलाइनचं शून्य उडतं आणि ‘१ई०४’ सारखा क्रमांक दहा हजार बनतो, कारण आकड्यांमधला ‘ई’ एक्सेलला दहाचा घात वाटतो.

प्रश्न : यूटीएफ-८ सीएसव्ही आमच्या प्रोग्रामला दिली की पहिला रकाना सापडत नाही. बाकीचे बरोबर.
– ऐरोली

उत्तर : वर जी सुरुवातीची खूण (बीओएम) म्हटली ती एक्सेल मात्र ठेवतं. फाइलच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट असतात आणि तुमचा प्रोग्राम ते पहिल्या शीर्षकाचा भाग समजतो. नव्या नोटपॅडमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना ‘एन्कोडिंग’मध्ये ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ऐवजी नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडा. पायथनमध्ये वाचत असाल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, फाइलला हात लावायला नको.

प्रश्न : यूटीएफ-८ निवडूनही जुन्या याद्यांमधली मराठी निरर्थक रोमन अक्षरं होऊन बाहेर येते. शीटमध्ये ती व्यवस्थित दिसते.
– डीटीपी व्यावसायिक, नेरूळ

उत्तर : तो मजकूर मुळात मराठी अक्षरांचा नाहीच. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये साठतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. साध्या मजकुरात फॉन्ट जात नाही, त्यामुळे पडदा उठतो. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारकडे पाहा. तिथे रोमन दिसलं की निदान झालं. त्या फॉन्टच्या नावाचा युनिकोड परिवर्तक वापरा, एका कुटुंबाचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. रूपांतर एक्सेलमध्येच उरका, निर्यात नंतर.

रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वाऱ्याचे’ असे शब्द डोळ्यांनी तपासा. हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो : खाली टिंब असलेला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाचा शोध दुसऱ्याला पकडेलच असं नाही. शिवाय वाटेत एखाद्या प्रोग्रामने अदृश्य चिन्हं गाळली की दुसऱ्या तऱ्हेतल्या ‘र’चा रफार होऊन ‘दुसर्या’ उरतो. त्यामुळे शोधा-बदला करून सगळीकडे ऱ घेतलेला बरा.