भूक झोपली आहे तोवर

कोल्हापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेणार असल्याचं तुझं पत्र मिळालं. मामा म्हणतो रंकाळ्याला फेऱ्या मार, पोट कापून कशाला घेतोस. मित्र म्हणतात हा तर शॉर्टकट. मामाला सांग, फेऱ्या ऑपरेशननंतरही माराव्या लागतातच. तो विषय संपला.

तुझी खरी गफलत पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. "पहिलं वर्ष वजन आपोआप उतरतं म्हणे, मग मेहनत कधीपासून?" त्याच वर्षात, बाबा! स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथंच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक फारशी लागत नाही. त्यात तुझी करामत काही नाही. पुढं वर्ष-दीड वर्षात ती हळूहळू परतते, आणि तोवर जी सवय पडली असेल तीच ताटात उतरते. म्हणून भूक झोपली आहे तोवर सवय लाव.

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे भात, भाकरी, साखर तोडायला लावतात. त्यानं यकृतातली चरबी कमी होऊन ते आकसतं आणि दुर्बिणीतून काम करायला सर्जनला जागा मिळते. "आता शेवटचंच" म्हणून त्या दिवसांत मिसळ हाणलीस, तर त्रास त्याला आणि धोका तुला. नंतर दोन आठवडे पातळ, दोन आठवडे मिक्सरमधलं, मग मऊ, आणि साधारण सहा आठवड्यांनी नेहमीचं. पाणी दिवसाला दीड-दोन लिटर, पण घोट घोट. जेवताना अजिबात नाही, जेवणानंतर अर्ध्या तासानं.

प्रथिनं रोज 60 ते 80 ग्रॅम. एका अंड्यात 6, 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18. एका वेळी जेमतेम अर्धी वाटी मावणार, त्यामुळं आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. वहीत रोज लिही. भूक नसताना लिहिणं सोपं असतं, म्हणून तेव्हाच.

आता रस्सा. घरात जेवणावळ असली की कुणीतरी म्हणणारच, "मटण नको तर रस्सा तरी पी." इथंच घसरतात. मटणाचा तुकडा नीट चावला नाही तर अडकतो, मळमळतं, म्हणून माणूस तुकडे बाजूला सारून वाटी ओरपतो. तांबड्यात तेलाचा तवंग, पांढऱ्यात नारळाचं दूध; दोन्ही नव्या पोटातून सरसर खाली जातात, पोट भरल्याचं कळतच नाही. उसाचा रस, आइस्क्रीम, कट्ट्यावरचं साखर घातलेलं दूध यांचंही तेच. ऑपरेशन करूनही वजन परत चढतं ते बऱ्याचदा अशा पातळ वाटेनं. स्लीव्हऐवजी बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) केलास तर गोडानं धडधड, घाम, जुलाब होऊन शरीर निदान ओरडतं तरी. स्लीव्हमध्ये ते सहसा गप्प बसतं.

गोळ्या जन्मभर. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. लोह आणि कॅल्शियममध्ये 2 तासांचं अंतर ठेव. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतील, बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं चुकवलीस तर जास्त गळतील. अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, जठरात व्रण होतात.

ऑपरेशननंतरच्या दिवसांत ताप, पोटात वाढती कळ, डावा खांदा दुखणं, नाडी 120 च्या वर, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. जठराच्या टाक्यांतून गळती असू शकते. उलट्या थांबत नसतील तरी लगेच जा. थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) कमी पडलं तर मज्जातंतूंवर येतं.

मी फार ताणतो असं वाटेल. वाटू दे. भूक जागी झाल्यावर शिकू म्हणणाऱ्यांशी गोड बोलायला मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही. भूक झोपली आहे तोवर, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगणार.

छातीत जळजळ होते असं लिहिलंयस, ते सर्जनला आधीच सांग. स्लीव्हनंतर ती वाढू शकते, मग बायपासचा विचार करतात. आणि तंबाखूचा मावा आजपासून बंद. ऑपरेशनच्या आदल्या रात्री थुंकून चालणार नाही.