कपाटापुढे उभी राहा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस तेव्हा मी तुझ्यावर चिडलो. तू गेल्यावर पाहिलं तर तुझा चहा तसाच निवलेला. जिवाला लागलं, म्हणून हे पत्र. पण मी उगाच चिडलो नव्हतो, तेही सांगून टाकतो.

तू मोबाईल पुढे धरलास. विशीच्या आत वाचायलाच हवीत अशी पन्नास पुस्तकं. ‘सर, यातलं आधी कुठलं घेऊ?’ बारावी झाली, पुढच्या आठवड्यात पणजीला कॉलेज, आता मोठ्यांसारखं वाचायला हवं, असं तुझं म्हणणं. आणि जाता जाता सांगितलंस की लहानपणीचे ‘किशोर’चे अंक शेजारच्या मुलांना वाटून टाकले. माझा पारा चढला तो तिथे.

ज्याने ती यादी केली त्याने तुला कधी पाहिलेलं नाही. साखळीच्या बाजारात भेंडी घेताना तू टोक मोडून बघतेस, आणि ज्याच्या सोबतीने आठ रात्री काढायच्या ते पुस्तक न उघडताच घेणार? कपाटापुढे उभी राहा. हात लाव. मधलं पान उघड आणि उभ्याउभ्या ते एक पान वाच. मागच्या कव्हरावरचं वाचू नकोस, ते पुस्तक खपावं म्हणून लिहिलेलं असतं. पान संपल्यावर तुझा हात आपोआप पुढचं पान उलटतो का, एवढंच बघ. उलटला तर घरी ने. नाही उलटला तर जागेवर ठेव, मग ते कितीही मोठ्या माणसाने लिहिलेलं असो.

तुझी खरी अडचण मला कळली आहे, तू ती सांगितली नाहीस तरी. आपल्याकडे पुष्कळ मुलांचं होतं तेच तुझं झालं. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्रजीत. म्हणजे तुझं मराठी वाचन दहाव्या वर्षी थांबलं. घरात कोंकणी बोलतेस, पेपर इंग्रजीत लिहितेस, आणि मराठी कादंबरीचं पहिलं पान जड गेलं की तुला वाटतं, आपल्याला वाचन जमत नाही. जमतं ग! दहाव्या वर्षी जिथे पुस्तक खाली ठेवलंस तिथूनच ते उचलावं लागेल, इतकंच. आणि नेमके तेच अंक तू वाटून बसलीस.

सांकवाळचे धर्मानंद कोसंबी, पुढे बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक झाले ते, जन्म १८७६. शाळेचं शिक्षण जेमतेम, घरच्या माडांची बागायत सांभाळायची. विशीतला, लग्न झालेला हा माणूस ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक वाचतो, त्यात त्याला बुद्धाची गोष्ट भेटते, आणि १८९९ मध्ये तो घर सोडून पुण्याला निघतो. पुढे काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, पाली भाषा. मुलांचं मासिक, बाय! मोठ्यांच्या कुठल्याही यादीत ते बसलं नसतं. आता सांग, अठरा वर्षांच्या मुलीने मुलांच्या विभागात जाऊन बसायला लाज कसली?

माझी गोष्ट वेगळी झाली. तुझ्या वयाचा असताना एका प्राध्यापकांनी मला दीडशे पुस्तकांची यादी दिली. वहीत उतरवून घेतली आणि चार वर्षं एकेका नावापुढे खूण करत वाचत गेलो. आज त्यातली नावं आठवतात, आतलं काही आठवत नाही. त्याच चार वर्षांत आजोबांची पुस्तकांची ट्रंक माळ्यावर पडून होती. आजी म्हणायची, एकदा उघडून तरी बघ रे. मी म्हणायचो, यादी संपू दे. एका आषाढात छपराचे नळे फुटले, पाणी ट्रंकेत गेलं, मागोमाग वाळवी. उघडली तेव्हा आत मातीची ढेपळं होती. बोट लावलं की भुगा यायचा. मधोमध दाबलेलं एकच पुस्तक बचावलं. त्याला कव्हर नाही, नाव नाही, पहिली सोळा पानं नाहीत. सतराव्या पानावर एक बाई नदीकाठी होडीची वाट बघत उभी आहे. ती कुठून आली, मला आजवर कळलेलं नाही. ते मी तीन रात्रींत संपवलं आणि अजून वाचतो. त्या ट्रंकेत आणखी काय होतं, हे सांगणारं आता कुणी नाही.

त्यानंतर मी यादी हातात धरली नाही. एम.ए.ला नेमलेली पुस्तकं होती, म्हणून एम.ए. अर्धवट सोडलं. घरचे आजही म्हणतात, आळस केला, पुरं केलं असतं तर हायर सेकंडरीला लागला असता. आळस नव्हता. दुसऱ्याने नेमून दिलेलं वाचून माझे डोळे कोरडे झाले होते. पस्तीस वर्षं हायस्कुलात शिकवलं आणि दर शनिवारी शेवटच्या तासाला कपाट उघडून मुलांना त्यापुढे सोडून दिलं. पोर्शन मागे पडतो म्हणून बोलणी खाल्ली, पण कपाट बंद केलं नाही. ते बरोबरच होतं, असं मी आजही म्हणेन.

तुझे पप्पा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाच म्हणतात. वाच, तो अभ्यास आहे. त्याला वाचनात धरू नकोस.

पणजीला कदंब बसस्टँडवर उतरलीस की पाटोचा भाग चालत जाण्यासारखा आहे. तिथलं मध्यवर्ती ग्रंथालय पोर्तुगीज अमदानीत, १८३२ मध्ये सुरू झालं. आज त्याला कृष्णदास शामांचं नाव आहे. केळशीच्या या माणसाने १५२६ मध्ये मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेतलं होतं. त्या दारातून मराठी पुस्तक शोधत जाताना मान खाली घालू नकोस. पुस्तकाच्या पाठीवर आकडा असतो; ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायची जी ड्युई पद्धत आहे, तिच्यात मराठी साहित्याचा ८९१.४६. हवं ते पुस्तक नसलं तर लगेच मागे फिरू नकोस. कपाटापुढे उभी राहा, डावीकडचं काढ, उजवीकडचं काढ. मोबाईलवरच्या यादीत पुस्तकाला असा शेजार मिळत नाही.

शेजारच्या मुलांकडून ‘किशोर’चे दोन-तीन अंक परत मागून घे. देतील ती. आणि रविवारी ये. ते बिननावाचं पुस्तक मी काढून ठेवतो. घरी नेऊ देणार नाही, सोप्यावर बसून वाच. चहा मात्र गरम असतानाच घे. पावसाने धरलं आहे, अंक प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून आण.

तुझे,
सर