फ्रीलान्स इंग्रजी शिक्षकाने विद्यार्थी मिळवण्यासाठी कोणत्या ऑनलाइन साइटवर नाव नोंदवावं? जमेल तितक्या सगळ्या घ्याव्यात का?

तुम्ही विचारलंय की प्रेप्ली, आयटॉकी, कॅम्बली, सुपरप्रॉफ अशा ढीगभर साइट आहेत, तर सगळीकडेच प्रोफाइल टाकून ठेवावं का, कमिशन परवडतं का आणि इंग्रजी ही मातृभाषा नसेल तर तिथे कुणी विचारतं का. मी गेली काही वर्षं याच मार्गाने मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतेय, म्हणून लिहिते.

सगळीकडे टाकू नका. मी टाकलं होतं. एका आठवड्यात पाच साइट, पाच व्हिडिओ, पाच कॅलेंडरं. एक ना धड, भाराभर चिंध्या. तिसऱ्या आठवड्यात एकाच वेळेला दोन साइटवरून दोन बुकिंग आली. एकाची माफी मागून तास रद्द केला आणि त्या प्रोफाइलवर पहिला रिव्ह्यू पडला तो एका ताऱ्याचा. पण दमछाक हे त्यातलं लहान दुखणं. मोठं दुखणं असं की रिव्ह्यू एका साइटवरून दुसरीकडे नेता येत नाहीत. वीस रिव्ह्यू एकाच ठिकाणी असतील तर अनोळखी माणूस तुमच्यावर भरवसा ठेवतो. तेच वीस पाच ठिकाणी चार-चार विखुरले, तर पाचही ठिकाणी तुम्ही नवखेच दिसता. माझा सल्ला आहे की पहिले सहा महिने एकच साइट, फार तर दोन.

ती एक निवडायची कशी? शिक्षक म्हणून खातं उघडण्याआधी विद्यार्थी म्हणून उघडा. हे फुकट असतं, अर्ध्या तासाचं काम आहे आणि कुणीच करत नाही. तुम्हाला जो विद्यार्थी हवाय तो स्वतः आहात असं समजा. उदाहरणार्थ, इंटरव्ह्यूची तयारी करणारा, संध्याकाळी सातनंतर मोकळा असणारा, बजेट मध्यम. मग शोधायला बसा. गाळण्या लावत जा: दर, वेळ, विषय, शिक्षकाची मातृभाषा, शिक्षकाला येणाऱ्या इतर भाषा. प्रत्येक गाळणीनंतर किती शिक्षक उरतात ते बघा, आणि पहिल्या पानावर जे दिसतात त्यांचे दर, रिव्ह्यू, त्यांनी शिकवलेले तास कागदावर लिहून काढा. त्या रांगेत तुम्ही कुठे उभे राहाल हे तुमचं तुम्हालाच कळतं.

मी हे उशिरा केलं आणि त्या संध्याकाळी दोन गोष्टी ध्यानात आल्या. ‘फक्त मातृभाषक’ ही गाळणी लावली की मी यादीतून गायब. तिथे कितीही चांगला व्हिडिओ टाका, उपयोग शून्य. पण ती गाळणी काढून ‘ही भाषाही बोलतो’ या रकान्यात माझी मातृभाषा टाकली, की न संपणारी यादी दोन पानांवर आली आणि त्यात मी होते. अगदी सुरुवातीच्या पायरीवरच्या माणसाला व्याकरण आपल्या भाषेत समजावणारं कुणीतरी हवं असतं, आणि तो शोधतोही तसंच. तोवर माझ्या प्रोफाइलचं पहिलं वाक्य होतं, ‘मी सर्व स्तरांच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते’. म्हणजे कुणालाच नाही. ते बदलून लिहिलं, ‘इंग्रजी वाचता येतं पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, अशांना शिकवते’. तेही इंग्रजीत आणि माझ्या भाषेत, दोन्हींत. मातृभाषक नसल्याची भरपाई अशी होते. उच्चार चोरून, कुणासारखं तरी बोलायचा प्रयत्न करून होत नाही.

आता साइटचे प्रकार. नावं कितीही असली तरी जाती तीन-चारच आहेत.

कॅम्बलीसारख्या ठिकाणी दर कंपनी ठरवते. बरीच वर्षं तो मिनिटाला १७ सेंट आहे, म्हणजे पूर्ण तास बोललात तर १० डॉलर २० सेंट. तयारी नाही, विद्यार्थी शोधायचा नाही, पण दर वाढवायचा अधिकारही नाही. शिवाय ‘मातृभाषक शिक्षक’ हीच त्यांची मोठी जाहिरात आहे. सुपरप्रॉफ ही यादीवजा साइट आहे. ती विद्यार्थ्याकडून पासचे पैसे घेते आणि तुमच्या फीमधून काही कापत नाही. ऐकायला छान आहे, पण मग वेळापत्रक, फीची वसुली, ऐनवेळी न येणाऱ्यांशी भांडण, सगळं तुमच्या गळ्यात. आउटस्कूल ३ ते १८ वयाच्या मुलांसाठी आहे, तिथे गटाने वर्ग चालतात आणि कमिशन ३० टक्के. वायझंट फक्त अमेरिकेत राहणाऱ्या शिक्षकांना घेते. आउटस्कूल आपल्या देशातले शिक्षक घेते का, हेही पहिल्याच मिनिटाला तपासा, उगाच व्हिडिओ बनवत बसू नका.

राहिल्या त्या खुल्या बाजारपेठा, जिथे दर तुमचा, कॅलेंडर तुमचं आणि साइट कमिशन घेते. यातल्या प्रेप्ली (२०१२ पासून) आणि आयटॉकी (२००७ पासून) या दोन मोठ्या. आयटॉकीवर शिक्षकांचे दोन वर्ग आहेत: प्रमाणपत्र किंवा पदवी दाखवणारे व्यावसायिक शिक्षक आणि कागद न मागता घेतले जाणारे कम्युनिटी ट्यूटर. एखाद्या भाषेचे शिक्षक फार झाले की ते त्या भाषेचे अर्ज बंद ठेवतात, त्यामुळे इंग्रजीवाल्यांना कधीकधी दार उघडण्याची वाट बघावी लागते. प्रेप्लीवर प्रवेश त्या मानाने सोपा, म्हणूनच गर्दीही जास्त.

कमिशनचा हिशेब मात्र वहीत मांडून बघा, नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. प्रेप्लीचं कमिशन उतरत्या जिन्यासारखं आहे: पहिल्या २० तासांवर ३३ टक्के, ५० तासांपर्यंत २८, २०० पर्यंत २५, ४०० पर्यंत २२ आणि त्यापुढे १८. लोक ‘१८ टक्के’ वाचतात आणि खूश होतात. पण ४०० तास भरेपर्यंत साइटकडे किती गेलं? माझ्या बेरजेने ९६.५ तासांची कमाई, म्हणजे सरासरी २४ टक्क्यांच्या वर. आठवड्याला दहा तास शिकवलंत तर हा पल्ला ४० आठवड्यांचा आहे. त्यात प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या ट्रायल तासाची (शिक्षक अजमावून बघायला घेतलेल्या पहिल्या तासाची) अख्खी फी साइटची, ती वेगळी. आयटॉकीने अनेक वर्षं सपाट १५ टक्के घेतले, त्या हिशेबाने ४०० तासांत ६० तास जातात. फरक साडेछत्तीस तासांचा. (अशा अटी कंपन्या बदलत असतात. नोंदणी कराल त्या दिवशी त्यांचं पान स्वतः वाचा.)

एवढं सगळं मांडूनही पाचांतून मी शेवटी महागडी साइटच निवडली आणि मला पस्तावा नाही. कारण तिथे पहिल्या महिन्यात सहा ट्रायल आले आणि स्वस्त साइटवर एकही नाही. पंधरा टक्के कापूनही शून्य ते शून्यच. माझ्या लेखी कमिशन म्हणजे विद्यार्थी शोधून आणण्याची मजुरी. ती एकदाच द्यावी लागली असती तर बरं झालं असतं, पण दर तासाला द्यावी लागते, म्हणून विद्यार्थी टिकणं हाच सगळ्या गणिताचा कणा आहे. दोन तासांत सोडून जाणारा विद्यार्थी कुठल्याही साइटवर तोट्याचाच.

आणि टिकणं-न टिकणं ठरतं ट्रायलमध्ये. माझा पहिला ट्रायल पंचवीस मिनिटांचा होता. त्यातली अठरा मिनिटं मी बोलले. माझी पद्धत, माझा अभ्यासक्रम, माझी पुस्तकं. बाई गोड हसल्या, थँक्यू म्हणाल्या आणि परत आल्या नाहीत. पाचव्या ट्रायलला मी वेगळं केलं. स्पेनमधला एक गृहस्थ होता. त्याला फक्त विचारलं, ‘गेल्या आठवड्यात इंग्रजीमुळे कुठे अडलात?’ तो सांगत गेला, मी समोरच्या पानावर त्याचीच वाक्यं जशीच्या तशी टिपत गेले. त्यातलं एक होतं, ‘आय हॅव थर्टी इयर्स’. शेवटच्या दहा मिनिटांत अशी तीनच वाक्यं घेतली. त्याला सांगितलं की तुमच्या भाषेत माणसाकडे वर्षं ‘असतात’, इंग्रजीत माणूस स्वतः तितक्या वर्षांचा ‘असतो’, म्हणून ‘आय अ‍ॅम थर्टी’. तो म्हणाला, शाळेत हे मला दहा वेळा दुरुस्त केलं, पण का चुकतं ते कुणी सांगितलं नव्हतं. तास संपल्यावर ते पान मी त्याला पाठवून दिलं. पुढे तो चौदा महिने होता. तेव्हापासून माझा प्रत्येक ट्रायल असाच असतो: विद्यार्थ्याचीच वाक्यं, तीनच, आणि शेवटी ते पान त्याच्या हातात.

दराबद्दल थोडक्यात. सगळ्यात स्वस्त होऊ नका. तळाच्या दराला ट्रायलच करत फिरणारे लोक येतात. तुमच्यासारखे शिक्षक पहिल्या पानावर जो दर लावतात त्याच्या किंचित खाली सुरू करा आणि नियमित विद्यार्थी पाच झाले की वाढवा. आठवड्यातल्या मोकळ्या वेळा रोज बदलू नका. विद्यार्थी कुठला हवा तेही वेळेवरून ठरवा. टोकियो आणि साओ पावलो यांच्यात बरोबर बारा तासांचा फरक आहे, त्यामुळे एकाची संध्याकाळ ती दुसऱ्याची पहाट. दोन्ही धरायला गेलात तर झोपायचं कधी?

पैसे हातात कसे येणार, हे पहिला तास घेण्याआधी बघा. पेपाल, पेओनिअर, वाइज या पैसे पाठवण्याच्या सेवांपैकी साइट काय देते, तुमच्या देशात काय चालतं, किमान किती जमल्यावर काढता येतात, चलन बदलताना किती कटतं. एका साइटवर माझी दोन महिन्यांची कमाई अडकून पडली होती, कारण प्रोफाइलवर माझं लाडकं छोटं नाव होतं आणि बँकेत पूर्ण. कागदपत्रं पाठवा, वाट बघा, पुन्हा पाठवा. शेवटी मिळाले, पण माझं डोकं फिरायचं तेवढं फिरलं. नाव बँकेत असेल तेच टाका.

यादीवजा साइटवर एक ठरलेली फसवणूकही चालते, ती ओळखून ठेवा. कुणी ‘पालक’ लांबलचक नम्र ईमेल करतो की माझी मुलगी महिनाभर तुमच्या गावी येणार आहे, सगळी फी आगाऊ चेकने देतो. चेक येतो तो जास्त रकमेचा, आणि वरचे पैसे ‘ड्रायव्हरला’ किंवा आणखी कुणाला पाठवायला सांगतात. तुम्ही पाठवता, चेक नंतर वटत नाही. न बघताच महिन्याची फी देणारा पालक मला तरी अजून भेटलेला नाही.

साइटवर भेटलेल्या विद्यार्थ्याला बाहेर वळवून कमिशन वाचवावं, हा विचार तुमच्या मनात येईलच. बहुतेक साइटच्या अटींत ते साफ मना आहे, चॅटमध्ये फोन नंबर लिहिला की तो पकडला जातो, आणि खातं बंद झालं तर रिव्ह्यूसकट सगळं जातं. मी करत नाही. पण उलटं जरूर करा: ओळखीतून, जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून जे थेट तुमच्याकडे येतात त्यांना साइटवर नेऊ नका. माझ्याकडे आज निम्मे तास असे थेट आहेत.

हे निम्मं का हवं, ते २०२१ मध्ये दिसलं. चीनमधल्या मुलांना परदेशातून इंग्रजी शिकवणारे शिक्षक तोवर व्हीआयपीकिडसारख्या कंपन्यांवर पूर्णवेळ जगत होते. जुलैमध्ये तिथल्या सरकारने शिकवण्यांबाबत नवे नियम आणले, देशाबाहेर बसलेल्या शिक्षकांकडून शिकवणी घेण्यावर बंदी आली आणि काही आठवड्यांत कंपन्यांनी नवे वर्ग विकणं थांबवलं. त्या शिक्षकांची काही चूक नव्हती. विद्यार्थी, रिव्ह्यू, वेळापत्रक, सगळं एकाच कंपनीच्या खात्यात होतं, एवढंच.

प्रमाणपत्राचं विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगते. सेल्टा हा इंग्रजी शिक्षकांसाठीचा केंब्रिजचा कोर्स १२० तासांचा आहे आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, म्हणून त्याला वजन आहे. महाग आहे, तेव्हा पहिल्या कमाईतून करा, कर्ज काढून नको. स्वस्त ऑनलाइन टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या) प्रमाणपत्राने प्रोफाइलचा एक रकाना भरतो, शिकवणं सुधारेलच असं नाही.

तुम्ही मुलांना शिकवणार की मोठ्यांना, आणि आयईएल्टीएससारख्या परीक्षेची तयारी करून घेता का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. परीक्षावाल्यांचं गणित वेगळं असतं: ते दर जास्त देतात, पण परीक्षा झाली की निघून जातात. खाली कॉमेंटमध्ये सांगितलंत तर त्यावर वेगळं लिहीन.