जुन्या बाजारातली पितळी वस्तू खरंच पितळेची आणि जुनी आहे का, हे जागेवरच कसं ओळखायचं?

खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. वस्तूला ते घट्ट चिकटलं, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्याला चुंबक धरत नाही. पण चिकटलं नाही म्हणून लगेच पैसे काढू नका: ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या ओतीव वस्तूलाही ते चिकटत नाही. म्हणून वस्तू उलटी करून बुडाची कड बघा. घासलेल्या जागी आतून पिवळं दिसतंय की पांढरट-करडं? ॲल्युमिनियम तर उचलताच कळतं, वजन पितळेच्या जेमतेम एक तृतीयांश.

वयासाठी झीज बघा. खरी झीज हात लागतो तिथेच असते: कडी, मूठ, झाकणाची कड. मुठीपासून सांदीकोपऱ्यापर्यंत एकसारखा काळपटपणा असेल, तर तो बहुतेक वेळा रसायनाने आणलेला असतो. स्क्रूही तपासा. अधिकच्या खुणेसारखी खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले. ‘सव्वाशे वर्षं जुन्या’ कंदिलात ते दिसले, तर निदान मागाहून दुरुस्ती झालेली आहे. (भाव पाडायला तेवढं पुरतं.)