कंबर 'कडकड' मोडून घ्यावी का?

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, कथक शिकते. दोन महिने कंबर दुखतेय. नाशिकमध्ये कायरोप्रॅक्टर (हाताने मणक्यांना झटका देऊन उपचार करणारा) कसा निवडावा? – एक आई, गंगापूर रोड

उत्तर : ताई, आधी निदान, मग कायरोप्रॅक्टर. तिला एका पायावर उभं करून हळूच मागे वाकायला सांगा. त्याच बाजूला कळ आली, तर मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक तडा असू शकतो. वाढत्या वयातल्या नर्तकींत आणि वेगवान गोलंदाजांत तो आढळतो. चाचणीत दुखलं नाही तरी तडा नाहीच असं म्हणता येत नाही. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआय लागू शकतो. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर तत्कार (पायांचे ठेके), गिरक्या बंद आणि कंबरेला झटका अजिबात नको. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा ताप असेल, किंवा लघवीवर ताबा नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तडा नसेल, तर कायरोप्रॅक्टरची पदवी विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५च्या मार्गदर्शिकेत पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास सांगितलेत. दोन-चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. चांगला माणूस आधी रिपोर्ट पाहतो, तिला घुंगरू न बांधता तत्कार करायला लावून गुडघा-घोटा न्याहाळतो, व्यायाम देतो. 'कट्' आवाज म्हणजे हाड बसलं असं नव्हे, तो सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. मानेला झटका नको म्हणून स्पष्ट सांगा. वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले तर उठून या. चार-सहा बैठकांत फरक नसेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे.